माझ्याशी बोला

"ही पेशंट नाही. ही गिऱ्हाईक आहे."

मोठे डॉक्टर असं म्हणाले तेव्हा त्यांच्याभोवती शिकाऊ डॉक्टरांचा घोळका होता. सात-आठ जण. माझ्याच वयाचे. धुळ्याच्या एका दवाखान्यातला बायकांचा वॉर्ड, सकाळी राऊंडची वेळ. मी कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. अंगात ताप. मांड्यांच्या हाडात आतून कानस फिरत होती.

डॉक्टरांनी माझी बाही वर केली. विचारलं नाही. दुकानातलं कापड उलटून बघावं तशी केली. दंड सगळ्यांना दाखवला. सुया घेऊन घेऊन कातडी काळी पडली होती, लाकडासारखी कडक झाली होती.

"बघा. हिला दुखतं. सुई दिली की दहा मिनिटांत थांबतं. नाही दिली की रडते. याला नाटक म्हणतात."

एक मुलगी हसली. मग बाकीचे हसले. शेजारच्या कॉटवरच्या बाईने आपलं लेकरू माझ्याकडे पाठ करून झोपवलं.

मी म्हणाले, "सर, मला सिकलसेल आहे."

"ते आम्हाला माहितीये. तू आम्हाला शिकवू नको."

घोळका पुढच्या कॉटकडे गेला. माझी बाही तशीच वर राहिली. खाली ओढायला हातात जोर नव्हता.

माझं गाव पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. गाव कसलं, पाडा. आम्ही आदिवासी. वडील लवकर गेले. माय, मोठा भाऊ आणि मी. आश्रमशाळेत शिकले. तिसरीत असताना हातापायाची बोटं सुजायची. थंडीत फार. प्रार्थनेच्या रांगेत उभं राहवायचं नाही. मास्तर म्हणायचे, "तुम्हा लोकांना कष्ट नकोत, फुकटचं खायला पाहिजे." आणि सगळे वर्गात गेल्यावर मला एकटीला मैदानात उभं करायचे.

सातवीत तपासणीवाले आले. बोटातून रक्त घेतलं. तेव्हा कळलं. माझ्या रक्तातल्या गोल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात. नसांमध्ये अडकतात. जिथे अडकतात तिथे रक्त पोचत नाही आणि ती जागा ठणकायला लागते. जन्मापासून आहे. जन्मभर राहणार. थंडी लागली, पाणी कमी पडलं, ताप आला की उसळतं. मास्तरांना कार्ड दाखवलं. ते "बरं" म्हणाले. बाकी काही नाही.

बारावी झाले. पिंपळनेरच्या बाजारात झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, सगळे अर्ज मी भरायचे. लोक मला ताई म्हणायचे. बसायला खुर्ची होती. मला ते काम आवडायचं.

दुखणं उसळलं की बाजारातल्या एका डॉक्टरकडे जायचे. त्याने पहिल्यांदा सुई दिली तेव्हा मी रडले. इतकी वर्षं हे औषध होतं आणि मला कोणी दिलं नव्हतं म्हणून रडले. पंधरा मिनिटांत हाडं गप्प. अंगावर गोधडी घातल्यासारखी ऊब. डॉक्टर म्हणाला, "दुखलं की ये." याची सवय लागते, असं त्याने सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. विचारायचं असतं हेच मला माहीत नव्हतं.

आधी महिन्यातून एकदा. मग आठवड्यातून. मग रोज.

इथे मी लपवणार नाही. दुखत नसतानाही मी सुई घेतली. नाही घेतली तर नाक गळायचं, जांभया यायच्या, पाय आपोआप झटकायचे, पोटात मुरडा यायचा. मी दुकानात खोटं बोलले. मायशी खोटं बोलले. कंपाउंडर आत गेला असताना एकदा त्याच्या खोक्यातून दोन कुप्या उचलल्या. चोरी केली. त्या दिवशी बसमध्ये पिशवी छातीशी धरून बसले आणि मला स्वतःची किळस आली. तरी घरी जाऊन टोचली.

म्हणजे दुखणं खरं होतं. आणि व्यसनही खरं होतं. दोन्ही एकाच अंगात होती. त्या मोठ्या डॉक्टरला एकच दिसलं. त्याला सोपं होतं तेवढंच दिसलं.

राऊंडनंतर त्याने भावाला खोलीत बोलावलं. मला चाकाच्या खुर्चीत बाहेर ठेवलं. दार अर्धं उघडं होतं.

"शिकलेली आहे का?"

"बारावी."

"मग जास्त लबाड असणार. जळगावला व्यसनमुक्ती केंद्र आहे. तीन महिने ठेवा. सुई, गोळी, सगळं बंद. आपोआप सुटेल."

"तिले इचारू का?" भाऊ म्हणाला. एवढं तो म्हणाला. ते मी ऐकलं, म्हणून लिहिते आहे.

"व्यसनी माणसाला काय विचारता? इथे सही करा."

भाऊ जीप चालवतो. सवाऱ्या भरतो. कागदाला घाबरतो. त्याने सही केली.

मला बसमध्ये कळलं. आम्ही घरी चाललो नव्हतो. पारोळा गेलं तेव्हा कुठे चाललो ते मी विचारलं, "भाऊ, कथा चालनूत आपन?" तो खिडकीबाहेर बघत राहिला. एरंडोलला उतरून त्याने केळ्याच्या वेफर्सचा पुडा आणला आणि माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाला, "खा." मी पुन्हा विचारलं. तो म्हणाला, "माले बी काही समजस नही. डॉक्टरनी सांगं."

केंद्र शहराबाहेर होतं. केळीच्या बागा संपल्या की पत्र्याचं फाटक. चालवणाऱ्याला सगळे सर म्हणायचे. तो डॉक्टर नव्हता. त्याने पहिल्याच दिवशी माझी गोधडी काढून घेतली. "इथे लाड नाहीत."

बायकांची खोली एकच. आम्ही पाच जणी. पहाटे उठवायचे. थंड पाण्याने आंघोळ. मग ओळीत उभं राहून एकेकीने मोठ्याने म्हणायचं, "मी नालायक आहे. मी घराचं वाटोळं केलं." आवाज कमी आला तर परत म्हणायला लावायचे.

मी सरला सांगितलं, "थंड पाणी मला चालत नाही. मला सिकलसेल आहे. मला पाणी जास्त प्यावं लागतं."

"इथे प्रत्येकाला काहीतरी आहे."

औषध एका दिवसात बंद. चार दिवस उलट्या, जुलाब, घाम. कातडीखाली मुंग्या. झोप नाही. पाचव्या दिवशी मुंग्या थांबल्या आणि हाडं सुरू झाली. मी ओरडले. सर दारातून म्हणाला, "झालं हिचं सुरू. कोणी लक्ष देऊ नका."

कोणी दिलं नाही. एकीने दिलं.

तिला सगळे अक्का म्हणायचे. बोदवडकडची. केळी-कपाशीची मोठी शेती, घरी ट्रॅक्टर, मुलगा, सून. साठीला आलेली. मणक्याचं ऑपरेशन झालं, दुखायचं थांबलं नाही, मेडिकलमधून दुखण्याच्या गोळ्या आणता आणता तिला त्यांची सवय लागली. मुलाने देवाला जायचं सांगून गाडीत बसवलं आणि इथे उतरवलं.

पहिल्या दिवशी तिने मला आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग तिने आपला तांब्या उचलून माझ्यापासून लांब, भिंतीकडे ठेवला. मुकाट्याने. मला ते नवीन नव्हतं.

पाचव्या दिवशी ओरडून ओरडून माझ्या घशाला कोरड पडली तेव्हा ती उठली. कमरेवर हात देत देत आली. तोच तांब्या माझ्या तोंडाला लावला.

"पी. सगळं पी. अजून आनते."

तिने मला स्वतःची शाल दिली. माझे पाय चोळले. चोळता चोळता बोलत होती, माझ्याशी की स्वतःशी ते कळत नव्हतं. "मले कोनी पुसलं नाही वं पोरी. मायं दुखते कुठी, हेबी नाही पुसलं. पोराले पुसलं. पोराले काय म्हाईत?"

मग थांबली. म्हणाली, "तुले काय पाह्यजे?"

माझ्या आयुष्यात हा प्रश्न मला कोणी पहिल्यांदा विचारला. आश्रमशाळेत नाही, दवाखान्यात नाही, घरी नाही. पाणी? सुई? घर? मी नुसती रडले.

दोन दिवसांनी माझा श्वास लागायला लागला. छातीत सुऱ्या. ओठ निळे. अक्काने दार बडवलं. सर घाबरला. माझ्यासाठी नाही. केंद्रात मेली तर काय, म्हणून. मला गाडीत घालून जळगावच्या एका दवाखान्याच्या दारात सोडलं आणि भावाला फोन करून सांगितलं, "तुमचं पेशंट तुम्ही बघा."

तिथे मला ऑक्सिजन लावला. रक्त चढवलं. फुप्फुसापर्यंत गेलं होतं. अजून एक दिवस उशीर झाला असता तर मी हे सांगायला नसते.

तिथे व्यसनाच्या एक डॉक्टर मॅडम होत्या. त्यांनी मला जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली. ही सुईसारखी नशा आणत नाही. तलफ मारते. दुखणंही खूप कमी करते. मी मॅडमना विचारलं, "पण ही एकदम बंद केली तर?" त्या म्हणाल्या, "एकदम करायची नाही. शरीर सवय विसरतं. मग एखाद्या दिवशी तलफ आली आणि जुनाच डोस घेतला, तर श्वास थांबतो." चांगल्या होत्या. पण गोळी कशी, किती, किती दिवस, हे सगळं त्यांनी समजावलं ते भावाला. मी कॉटवर जागी होते.

त्यांची चिठ्ठी घेऊन मी धुळ्याला गोळी घ्यायला लागले. दर मंगळवारी. पिंपळनेरहून पहिली एसटी, साक्रीवरून धुळे. तिथल्या गोळीच्या केंद्रावर पहिली गोळी नर्ससमोर. "तोंड उघड. जीभ वर कर. विरघळली का बघू." मग आठवड्याची पुडी. पुन्हा दुकानात जायला लागले. आठ महिने सुई नाही. दुखणं यायचं, पण मी त्याच्याबरोबर कामाला जाऊ शकत होते. हात स्थिर झाले. मायने एकदा मी झोपले असं समजून माझ्या दंडावरून हात फिरवला. बघत होती, नवीन भोक आहे का.

भावाने माझ्यासाठी स्थळ बघायला सुरुवात केली.

त्याच दिवसांत मी अक्काला फोन लावला. जळगावच्या केंद्रातून मला गाडीत घालताना तिने शालीच्या टोकाला नंबरची चिठ्ठी बांधून दिली होती. फोन सुनेने उचलला.

"सासूबाई गेल्या."

"कधी?"

"तीन महिने पुरे करून घरी आल्या. सगळे म्हणाले, सुटलं. चौथ्या दिवशी कंबर दुखायला लागली. डब्यात जुन्या गोळ्या राहिल्या होत्या. आधी घ्यायच्या तेवढ्याच घेतल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत."

मग ती हळू आवाजात म्हणाली, "घरात हार्ट अटॅक सांगितलंय. तुम्ही कोणाला सांगू नका."

मी दुकानाच्या मागे जाऊन बसले. मला मॅडमचे शब्द आठवले. ते अक्काला कोणी सांगितले नव्हते. तीन महिने तिच्याकडून म्हणवून घेतलं की मी नालायक आहे. ही एक गोष्ट सांगितली नाही. सांगायला अर्धं मिनिट लागतं.

पुढच्या मंगळवारी भाऊ माझ्याबरोबर आला. एरवी येत नाही. मला वाटलं, धुळ्यात काही काम असेल.

गोळीचे डॉक्टर वयस्कर होते. त्यांच्या टेबलासमोर एकच खुर्ची. भाऊ बसला. मी मागे उभी.

भाऊ म्हणाला, "साहेब, हिची गोळी बंद करायची. पाव्हणे येऊ राहिले बघायला. सासरी गोळ्यांची पुडी कशी नेणार?"

डॉक्टरांनी माझा केस पेपर उघडला. "आठ महिने झाले. पुष्कळ झालं. आजच कमी करू, दोन आठवड्यांत बंद. पोरीची जात आहे, लग्न झालं की ठीक होतं सगळं." आणि लिहायला लागले.

दोन माणसं. माझं अंग. एक सांगत होता, एक लिहीत होता. मी दोघांच्या मध्ये होते आणि खोलीत नव्हते.

मी म्हणाले, "डॉक्टर, पेशंट मी आहे. माझ्याशी बोला."

पेन थांबलं नाही.

मी टेबलाच्या बाजूने पुढे गेले आणि केस पेपरवर हात ठेवला. उताणा नाही. पालथा. त्यांचं पेन माझ्या बोटांशी येऊन थांबलं.

"हात काढ."

"आधी माझ्याशी बोला."

भाऊ म्हणाला, "तू गप ऱ्हाय. डॉक्टर बोली राहिनात ना."

"भाऊ, तू एकदा सही करी दिधी. मी मरता मरता वाचनू. आते मी बोलसू."

डॉक्टर हसले. "तुला काय कळतं यातलं?"

आवाज फाटत होता. पण आला. "मला एवढं कळतं, की सुई देणाऱ्या डॉक्टरचा दवाखाना आला की मी अजून रस्ता बदलते. मला एवढं कळतं, की थंडी सुरू झालीये आणि थंडीत माझी हाडं पेटतात. आत्ता गोळी काढलीत तर मी सुईकडे जाईन. आठ महिन्यांनी जुना डोस घेतला तर मरेन. बोदवडची एक बाई अशीच मेली. मला लग्नासाठी मरायचं नाही. गोळी कमी करायची तर मी तयार आहे. उन्हाळ्यात. हळूहळू. आणि नाही जमलं तर परत वाढवायची. हे लिहा."

"असं पेशंट सांगेल तसं आम्ही लिहीत नाही."

"मग असं लिहा, की पेशंट नाही म्हणाली. तिला न विचारता बंद केली. खाली तुमची सही करा. माझी एक झेरॉक्स द्या."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "बाहेर जा. पुढचा पेशंट!"

मी गेले नाही. हात पेपरवर. दारात रांग होती. त्यात ट्रक चालवणारे, हमाली करणारे, एक कॉलेजचा पोरगा. एवढे दिवस आम्ही कोणी एकमेकांकडे बघत नव्हतो. रांगेतले एक नाना दारातून म्हणाले, "लिहा ना साहेब, ती काय म्हनस ते. आम्ही थांबतस."

भाऊ उठला आणि निघून गेला. दार आपटून.

मी त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसले.

डॉक्टरांनी दारातल्या रांगेकडे बघितलं. मग त्यांनी आधीचं खोडलं. जुनाच डोस ठेवला. "एक आठवडा. पुढे बघू," म्हणाले, आणि कागद माझ्याकडे सरकवला तो असा, की जमिनीवर पडला. मी वाकून उचलला. उभ्या उभ्या वाचला. मी नाही म्हणाले, हे लिहिलेलं नव्हतं. मी टेबलावरचंच पेन घेतलं आणि खाली लिहिलं, "गोळी बंद करायला माझा नकार आहे. कारण मी तोंडी सांगितलं आहे." तारीख घातली. सही केली.

परतीच्या एसटीत मी एकटी होते. मला जिंकल्यासारखं वाटलं नाही. मला भीती वाटत होती, पुढच्या मंगळवारी ते देतील का नाही याची.

देतात. अजून तरी देतात. दर आठवड्याला "कधी सोडणार?" विचारतात. मी दर आठवड्याला तेच सांगते. स्थळ मोडलं. पाव्हण्यांना मीच सांगितलं सगळं. आजारही, गोळीही. ते चहा न पिता उठले. भाऊ दोन महिने माझ्याशी बोलला नाही. माय दोघांना वेगवेगळं जेवायला वाढते.

मागच्या आठवड्यात मी दुकानात बसून एक तक्रार टाइप केली. त्या केंद्राविरुद्ध. थंड पाणी, काढून घेतलेली गोधडी, बंद केलेलं औषध, दवाखान्याच्या दारात टाकून जाणं. अक्काचंही लिहिलं. तिच्या सुनेला फोन करून आधी सांगितलं. ती रडली. म्हणाली, "माझं नाव घालू नका, सासूबाईंचं घाला." घातलं.

तक्रारीचं पहिलं वाक्य लिहिताना मी फार वेळ थांबले. ते वाक्य नसतं तर तक्रार चांगली दिसली असती. पण ते मी लिहिलं नाही तर ते लोक लिहितील, आणि त्यांच्या तोंडी ती शिवी होईल. म्हणून मीच लिहिलं. "मला सुईचं व्यसन लागलं होतं. मी उपचार घेत आहे."

भावाला कोणीतरी सांगितलं. तो दुकानात आला. दोन महिन्यांनी पहिल्यांदा बोलला.

"बठ्ठा गावले समजी जाई."

"समजू दे."

"मंग तुन्हाशी लगीन कोन करी?"

मी पुढच्या गिऱ्हाइकाचा अर्ज भरायला घेतला.

तक्रार पाठवली त्या सरकारी ऑफिसातून फोन आला. चौकशीला बोलावलं आहे. बाबू म्हणाला, "बोलायला कोण येणार? वडील की भाऊ?"

मी म्हणाले, "मी येणार."

"बरोबर कोणी जबाबदार माणूस आणा."

"मीच आहे."

शुक्रवारी जायचं आहे. कदाचित ते हसतील. बाही वर करायला सांगतील. मी करीन. स्वतः करीन. दंड दाखवीन आणि सांगेन, हे माझ्याच हाताने केलेलं आहे, आणि ते केंद्र धुळ्याच्या मोठ्या डॉक्टरने माझ्यासाठी निवडलं होतं. उद्या मी पुन्हा घसरले, सुई घेतली, तर तेही मीच येऊन सांगेन. पण माझ्या अंगाबद्दल माझ्या डोक्यावरून कोणी ठरवायचं नाही. डॉक्टरने नाही. भावाने नाही. ठरवलं तर मी ते मोडीन. पुन्हा ठरवलं तर पुन्हा मोडीन.